‘गरम मका’ ते ‘कळवण’: लहान मुलांना खेळता खेळता वाचायला कसं शिकवायचं

‘अ अननसाचा’पासून ‘ज्ञ ज्ञानेश्वरांचा’पर्यंत घडाघडा म्हणणारं मूल नाशिकच्या सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, समोर उभ्या असलेल्या एसटीची पाटी वाचू शकत नाही, याचं आईबाबांना फार नवल वाटतं. पण त्यात मुलाचं काहीच चुकत नाही. त्याला पाठांतर दिलं होतं, ते त्याने चोख केलं. वाचायला मात्र कोणी दिलंच नव्हतं. मुळाक्षरांचा तक्ता पाठ होईपर्यंत मुलाने एकही शब्द स्वतःहून वाचलेला नसतो, आणि मग बाराखडी येते, तीही पाठच. शिकवण्याची ही रीत उलटी फिरवावी, एवढंच मला सांगायचं आहे. चार-पाच अक्षरं द्यावीत, त्यांतून लगेच शब्द वाचू द्यावेत, मग पुढची अक्षरं आणावीत. आणि हे सगळं खेळात.

घरी तीन ते सहा वर्षांचं मूल असेल, नातवंडं दुपारभर तुमच्याकडे असतील, किंवा अंगणवाडी-बालवाडीत तुम्ही नुकत्याच रुजू झाला असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. शिक्षणशास्त्राची पदवी लागत नाही. रोज दहा-पंधरा मिनिटं आणि बरंचसं टाकाऊ सामान लागतं.

सुरुवात करण्याआधी घाई बाजूला ठेवा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ ही वर्षं पायाभूत टप्पा मानली आहेत. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचं उद्दिष्टसुद्धा तिसरीच्या अखेरीस मुलाला समजून वाचता यावं आणि साधी गणितं करता यावीत, हे आहे. शेजारच्या फ्लॅटमधली चार वर्षांची मुलगी पानभर ‘क’ गिरवते म्हणून आपल्या मुलाला वही घेऊन बसवू नका.

पहिली पायरी: कानाचे खेळ

अक्षर डोळ्याने ओळखण्याआधी ते कानाने पकडता आलं पाहिजे. ‘काकडी’ हा एक सलग आवाज नाही, त्यात का, क, डी असे तुकडे आहेत, हे मोठ्यांना इतकं उघड वाटतं की ते शिकवायचं असतं याचा विसर पडतो. मुलाला ते उघड नसतं. म्हणून पहिले दोन-तीन महिने कागद-पेन्सिल काढूच नका. स्वयंपाकघर, जिना आणि बाजाराचा रस्ता एवढी जागा पुरते.

भाजी निवडताना आजी आणि नात समोरासमोर बसल्या आहेत असं समजा.

“परी, ऐक हं. कांदा, काकडी, कारलं, भेंडी. यात पाहुणं कोण गं?”

“भेंडी!”

“का बरं?”

“आजी, तू का-का-का म्हणालीस आणि मग भें म्हणालीस.”

हा खेळ दिसतो सोपा, पण त्यात क्रम पाळावा लागतो. आधी सुरुवातीचं अख्खं अक्षर काना-मात्रेसकट सारखं असलेले शब्द घ्यायचे: कांदा, काकडी, कारलं. ते सहज जमू लागलं की ‘मेथी, मुळा, मका, कोबी’ असा कठीण डाव. इथे मे, मु, म वेगवेगळे ऐकू येतात आणि त्यांच्या पोटातला ‘म्’ मुलाला शोधायचा असतो. हा टप्पा यायला वेळ लागतो. लागू द्या.

दुसरा खेळ टाळ्यांचा. ब-टा-टा, तीन टाळ्या. पं-च-व-टी, चार. घरातल्या सगळ्यांच्या नावांच्या टाळ्या वाजवून झाल्या की भिंतीवरच्या पालीच्यासुद्धा वाजवतात मुलं. एक गोष्ट ध्यानात असू द्या: आपण ‘नाशिक’ बोलतो तेव्हा टाळ्या दोनच पडतात, ना-शिक, आणि लिहिताना अक्षरं तीन होतात. ‘बस’ला टाळी एक, अक्षरं दोन. मूल दोनच टाळ्या वाजवेल, आणि ते बरोबर आहे. त्याला तिसरी वाजवायला लावू नका. कान खरं सांगतोय.

याच अडचणीवर तोडगा म्हणून कासव आणि ससा हा खेळ मला सर्वांत मोलाचा वाटतो. तुम्ही कासव, मूल ससा. कासव सावकाश बोलतं: “न… ग… र”. सशाने तोच शब्द पटकन म्हणायचा: “नगर!” कासव: “ब… स”. ससा: “बस!” पुढे भूमिका बदलायच्या. कासव होणं मुलांना अवघड जातं, आणि म्हणूनच ते होऊ द्यायचं. पुढे समोर अक्षरं आली की मूल ‘ब’, ‘स’ असं सुटं म्हणून थांबतं, तेव्हा त्याला फक्त “आता ससा हो” एवढं सांगितलं की काम होतं. ज्या मुलाने हा खेळ भरपूर खेळलेला नसतो ते ‘ब-स’, ‘ब-स’ म्हणतच राहतं, आणि मोठ्यांचा धीर सुटतो. खेळताना शेवटचं अक्षर लांबवू नका. ‘सऽऽ’ म्हणालात तर ‘बसा’ तयार होतं.

‘चिमणी उडाली भुर्र’ आपण सगळेच खेळलोय. त्यात बदल एवढाच: उडणाऱ्या गोष्टीला बोट वर करण्याऐवजी ‘म’ने सुरू होणाऱ्या शब्दाला बोट वर. मासा, मांजर, माठ, आणि मधेच ‘पाट’. फसलेलं मूल खदखदून हसतं आणि पुढच्या वेळी कान टवकारून ऐकतं.

यमकाचे खेळ चालता चालता करा. मुलाच्या नावाला काहीतरी जुळवायचं: “मीना मीना, दूध पी ना.” अर्थ नसला तरी बिघडत नाही. शेवटच्या अक्षरावरून शब्दांच्या भेंड्या मात्र पाच वर्षांनंतरच. शेवटचा आवाज वेगळा काढणं पहिल्यापेक्षा कठीण असतं.

दुसरी पायरी: स्वतःचं नाव

डोळ्यांनी वाचण्याची सुरुवात मुलाच्या नावापासून करा, ते कितीही अवघड असो. श्रेयस असेल, ज्ञानदा असेल, स्वरा असेल. जोडाक्षराचा बाऊ करू नका. इथे नाव अक्षर अक्षर लावून वाचायचं नाही, ओळखायचं आहे. चपला ठेवायच्या जागी, पाण्याच्या बाटलीवर, जेवणाच्या ताटाशेजारी नावाची चिठ्ठी ठेवा. घरात सगळ्यांच्या चिठ्ठ्या करा आणि जेवायला बसताना ताटं कोणाची कुठे हे मुलाला लावू द्या. ‘आई’, ‘बाबा’, ‘आजी’ हे शब्द असेच ओळखीचे होतात. बालवाडीत हजेरी घेताना नावं पुकारण्यापेक्षा डब्यातून आपापली चिठ्ठी काढून दोरीला अडकवायला सांगा. हजेरीही होते, वाचनही.

तिसरी पायरी: पहिली चार अक्षरं

म, न, ग, र. या चारांनी सुरू करा असा माझा आग्रह आहे. कारण लगेच समजेल: नगर, मगर, गरम, नरम, मन, मग. काना नाही, मात्रा नाही, चारच अक्षरं, आणि सहा शब्द वाचून झाले. पहिल्या आठवड्यात ‘मगर’ वाचणारं मूल दुसऱ्या आठवड्यात स्वतःहून पुढची अक्षरं मागतं.

आपल्याकडे ‘ग म भ न’ हा जुना क्रम आहे. हाताला वळण लावायला तो चांगला, कारण या अक्षरांचं वळण एकातून दुसऱ्यात जातं. पण जे हाताला सोपं ते डोळ्याला गोंधळाचं ठरतं. ‘म’ आणि ‘भ’ पहिल्याच आठवड्यात शेजारी आले तर मूल दोन्ही विसरतं. म्हणून वाचनासाठी ‘भ’ बराच मागे ठेवा.

सामानाबद्दल. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसोरींनी खरखरीत पॉलिश पेपरची अक्षरं करून मुलांना बोटाने गिरवायला दिली. आपल्याकडे बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांच्या नूतन बालशिक्षण संघाची स्थापना १९२६ ची. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी डहाणूजवळच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ सोबतीला आल्या, आणि १९५७ पासून ते काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेलं. तिथे विकतची साधनं कुठली आणायची? बिया, पानं, माती, शिंपले यांतूनच साधनं उभी राहिली. त्यामुळे ऑनलाइन दीड हजारांचा ‘अक्षर किट’ मागवण्याआधी घरात नजर फिरवा.

अक्षरपत्ते करायला जुन्या लग्नपत्रिका उत्तम. जाड असतात, वाकत नाहीत. तळहाताएवढे तुकडे कापा आणि मागच्या कोऱ्या बाजूला काळ्या मार्करने मोठं, सुबक अक्षर काढा. शेजारी चित्र काढू नका. चित्र असलं की मूल चित्राकडे बघून ‘कमळ’ म्हणतं आणि आपल्याला वाटतं त्याला ‘क’ आला. द्राक्षाच्या हंगामात रिकामे खोके कुठेही मिळतात. त्यांच्या पुठ्ठ्याची हातभर मोठी अक्षरं कापून घ्या. त्यांच्यावरून बोट फिरवता येतं, कडेने चिंचोके मांडता येतात. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर चिंचोके नकोत, ते तोंडात जातात. त्याऐवजी कणकेच्या वळ्या करून अक्षर घडवा. पोळ्या लाटून उरलेल्या गोळ्याचा ‘ग’ आमच्या बालवाडीतल्या मुलांच्या कित्येक घरांत रोज होतो.

आता या चार अक्षरांचे खेळ.

पार्किंगमध्ये किंवा गच्चीवर खडूने आठ-दहा घरं आखा, प्रत्येकात एक अक्षर. चारच अक्षरं, पुन्हा पुन्हा. मूल ठिकरी टाकतं, ज्या घरात पडेल ते अक्षर मोठ्याने म्हणतं आणि लंगडी घालत तिथवर जातं. दुसऱ्या दिवशी तुम्ही शब्द सांगायचा: “नगर!” आणि मुलाने न, ग, र अशा क्रमाने उड्या मारायच्या. वाचनाच्या उलट दिशेचं काम आहे हे, आवाजाकडून अक्षराकडे, आणि लिहिण्याची खरी पूर्वतयारी हीच.

‘मामाचं पत्र हरवलं’ हा खेळ तर जणू वाचनासाठीच आहे. पाच-सहा मुलं जमली की गोलात बसवा. रुमालाऐवजी खरोखर पत्र टाका: घडी घातलेला कागद, आत एक शब्द. ज्याच्या मागे पत्र पडलं त्याने धावून झाल्यावर ते उघडायचं आणि सगळ्यांना वाचून दाखवायचं. ‘मगर’ असेल तर सगळ्यांनी मगर व्हायचं, ‘गरम’ असेल तर चटका बसल्यासारखं नाचायचं. वाचलेल्या शब्दाने काहीतरी घडतं, हे मुलांना या खेळात जसं कळतं तसं दहा वेळा समजावून कळत नाही. एखाद्याला वाचता आलं नाही तर शेजाऱ्याने कानात सांगायचं, हा नियम आधीच करून ठेवा.

एकटं मूल असेल तर अक्षरं लपवा. फ्रिजला, उशीखाली, बाबांच्या हेल्मेटमध्ये. सापडलेल्या तीन अक्षरांतून शब्द लागतो का बघायचं. लागत नसेल तर चौथं शोधायचं.

चौथी पायरी: कुल्फीची काडी

पाचवं अक्षर ‘क’ द्या आणि त्याच्याबरोबर काना. काना शिकवायला कुल्फीची काडी घ्या, धुऊन वाळवलेली. ‘म’चा पत्ता ठेवा. मूल म्हणतं “म”. शेजारी काडी उभी करा: “मा”. काढा: “म”. ठेवा: “मा”. मग काडी मुलाच्या हातात द्या आणि बाजूला व्हा. ते स्वतः न, ग, र, क सगळ्यांना काडी लावून बघतं. ना, गा, रा, का.

इथे बाराखडीच्या रूढ पद्धतीहून मी वेगळी वाट धरते, आणि ते का हे सांगते. क, का, कि, की, कु, कू असं एकाच अक्षराचं सगळं एकदम दिलं की मुलाला सूर पाठ होतो, आणि पाटीवरचा एकटा ‘कु’ विचारला की ते मनातल्या मनात ‘क’पासून सुरुवात करतं. त्याऐवजी एकच चिन्ह घ्या आणि ते अनेक अक्षरांना लावा. काना काय करतो हे पाच अक्षरांवर दिसलं की सहाव्याला शिकवावं लागत नाही. २००९ च्या शासन निर्णयाने मराठी वर्णमालेत ॲ आणि ऑ अधिकृतपणे आले, त्यामुळे बाराखडीची चौदाखडी झाली. ती म्हणायला मुलांना आवडते, जरूर म्हणू द्या. फक्त त्याला वाचन समजू नका.

काना आला की घरातली माणसं वाचता येतात: मामा, काका, नाना. शिवाय नाक, कान, काम, राग, नाग, राम, मका. आणि ‘गरम मका’. इथे दुकान मांडायची वेळ झाली. एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत ‘गरम मका’ लिहा, खाटेची कड हे दुकान, कागदाच्या सुरळ्या म्हणजे कणसं. पावसाळ्यात गंगापूर धरणाच्या वाटेवर भाजलेल्या कणसांच्या गाड्या मुलांनी पाहिलेल्या असतातच. गिऱ्हाईकाने पाटी वाचल्याशिवाय माल मिळणार नाही. मूल दिवसातून वीस वेळा हे दोन शब्द वाचतं आणि त्याला एकदाही अभ्यास वाटत नाही. पुढे दुकानात ताक येतं, सरबत येतं, पान येतं, आणि पाटी आपोआप लांबते.

पाचवी पायरी: पुढची अक्षरं, आणि लाल बस

दुसऱ्या गटात ब, स, त, ल, प घ्या. बस, सरबत, लाल, पान, ताक, बाबा, तारा, बाग, कप. ‘ब’ दिलात तर ‘व’ जरा थांबवा, कारण एका तिरक्या रेघेचा फरक आहे. ‘प’ दिलात तर ‘ष’ खूप पुढे. तिसऱ्या गटात ट, च, ड, ळ, ण, द, आणि तोवर ‘ब’ पक्का झालेला असला की ‘व’. आता वेलांट्या आणि मात्रा एकेक करून आणा. उकार शेवटी.

पहिल्या वेलांटीला जास्त वेळ द्या. ‘नि’ बोलताना आधी ‘न’ ऐकू येतो, पण कागदावर वेलांटी आधी दिसते. डावीकडून उजवीकडे निघालेलं मूल तिथे अडखळतं, आणि ते स्वाभाविक आहे. वेलांटीची वेगळी पुठ्ठ्याची पट्टी कापा. मुलाला आधी ‘न’ ठेवू द्या, म्हणू द्या, मग पट्टी डाव्या अंगाने आणून टेकवू द्या: “नि”. ही हालचाल दहा-वीस वेळा हाताने झाली की डोळा थांबायला शिकतो. नुसत्या तोंडी सूचनेने हे होत नाही.

याच सुमारास मुलाला रस्त्यावर घेऊन चला. २०२२ मधल्या कायद्यातल्या बदलानंतर राज्यात लहानमोठ्या सगळ्या दुकानांना मराठीत, देवनागरीत पाटी लावणं बंधनकारक झालं. आपल्या दृष्टीने मेनरोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत सगळं शहर वाचनपाठ झालं आहे. एका फेरीला एकच काम: आज फक्त ‘स’ शोधायचा. रविवार कारंजा ते दहीपूल एवढ्या टप्प्यात किती सापडतात बघा. ‘ल’ आणि ‘श’ पाट्यांवर दोन-दोन वळणांचे दिसतात. मुलाने विचारलं तर दोन्ही तेच अक्षर, लिहिण्याच्या पद्धती दोन, एवढं सांगून पुढे चला. फार नक्षीदार पाट्या सोडून द्या. सरकणाऱ्या दिव्यांच्या पाट्यासुद्धा सुरुवातीला नकोत, अक्षर पकडेपर्यंत पळून जातं.

आणि मग एसटी. आपल्या जिल्ह्याला पंधरा तालुके, आणि त्यांच्या नावांत वाचनाची अख्खी चढण आहे. ‘कळवण’ला काना-मात्रा काहीच नाही: चार सुटी अक्षरं. ‘पेठ’ला एक मात्रा. ‘देवळा’ आणि ‘येवला’ म्हणजे मात्रा आणि काना. ‘निफाड’मध्ये वेलांटी आणि काना. ‘नांदगाव’, ‘चांदवड’ला अनुस्वार. ‘मालेगाव’, ‘बागलाण’ जरा लांब. ‘दिंडोरी’त बरंच काही एकत्र. ‘सुरगाणा’, ‘इगतपुरी’ला उकार. ‘सिन्नर’ला पहिलं जोडाक्षर. ‘त्र्यंबकेश्वर’ सगळ्यांत शेवटी, आणि ते वाचलं त्या दिवशी घरात शिरा करा. नाशिक उरलं, ते मुलाला घराच्या पत्त्यावरून केव्हाच ओळखीचं झालेलं असतं. हे पंधरा शब्द अक्षरपत्त्यांसारख्या पत्त्यांवर लिहून सोप्यापासून अवघडापर्यंत जिन्याच्या पायऱ्यांवर चिकटवा. आलेल्या शब्दाच्या पायरीपर्यंतच चढायचं. पुठ्ठ्याला लाल रंग देऊन बस केली, पुढे रोज नवी पाटी लावली आणि कंडक्टरने “कळवण, कळवण” ओरडलं की दुपार निघून जाते. लाल, बस, कळवण हे तिन्ही शब्द एव्हाना मुलाला वाचता येत असतात. पाटी बदलायचं काम मुलाकडेच द्या.

सारखी दिसणारी अक्षरं

घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ट-ठ-ढ-द, ड आणि ह, व आणि ब. इथे बहुतेक मुलं चुकतात. उपाय एकच: जोडीतलं एक पूर्ण पक्कं होईपर्यंत दुसरं आणायचं नाही. दोन्ही आल्यावर मग मुद्दाम समोरासमोर ठेवा आणि फरक मुलाला शोधू द्या. ‘भ’ आणि ‘ध’ यांच्या डोक्यावरची रेघ सलग नसते, ‘म’ आणि ‘घ’ची असते, हे मुलाने स्वतः बोट ठेवून दाखवलं की पुढे विसरत नाही. डोळे बांधून पुठ्ठ्याचं अक्षर हाताने चाचपून ओळखणं हा या जोड्यांसाठी उत्तम खेळ.

‘ख’ सुट्टा ‘रव’ असा वाचला जातो. अक्षरपत्त्यावर खालचा जोड ठळक काढा.

लिहिणं

लिहिणं वाचनाच्या मागोमाग येतं, पुढे धावत नाही. साडेचार-पाच वर्षांपर्यंत बोटं तयार होत असतात. शेंगा सोलणं, फुलं ओवणं, कणीक मळणं ही सगळी त्याचीच तयारी. ताटात मूठभर रवा पसरा आणि त्यात बोटाने अक्षर काढू द्या. ताट हलवलं की पाटी कोरी. दिवाळीत दारासमोर रांगोळीने स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर काढू द्या. खडूने फरशीवर, ओल्या ब्रशने गच्चीच्या भिंतीवर. वहीच्या चार रेघांत कोंबून ‘क’ वीस वेळा, हे सहाव्या वर्षाआधी नको. मुलाने ‘मका’ ऐवजी ‘माक’ लिहिलं तर लाल पेन उचलू नका. त्याला वाचून दाखवायला सांगा. बहुतेक वेळा वाचतानाच त्याच्या लक्षात येतं.

घरची बोली

आपल्या जिल्ह्यात हा मुद्दा टाळता येत नाही. बागलाण, मालेगावकडची मुलं घरी अहिराणी बोलतात, पेठ-सुरगाण्यातली कोकणा किंवा वारली. सातपूर-अंबडला कामाला आलेल्या कुटुंबांत आणखी कितीतरी भाषा. अशा मुलाचे पहिले शब्दपत्ते त्याच्याच बोलीतले करा. ते ज्याला ज्या नावाने हाक मारतं तेच लिहा. देवनागरीत सगळं लिहिता येतं. वाचन कशाला म्हणतात हे त्याला आपल्या शब्दांतून कळू द्या. पुस्तकातले शब्द नंतर येतात आणि झपाट्याने येतात. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला वर्गात सर्वांसमोर दुरुस्त करणं हे मला अजिबात मान्य नाही. पत्त्यावर ‘ण’ दिसतो, तुम्ही ‘पाणी’ म्हणता, मूल ऐकत असतं. तेवढं पुरे.

मूल इंग्रजी माध्यमात असेल तरी हे खेळ वाया जात नाहीत. आवाज सुटे करणं आणि जोडणं एका भाषेत आलं की दुसरीत उपयोगी पडतं, आणि मराठीत अक्षराचं नाव हाच त्याचा आवाज असल्यामुळे इथे ते लवकर येतं.

केव्हा थांबायचं, केव्हा विचारायचं

मूल उठून जायला लागलं की खेळ संपला. त्याला परत बोलावू नका, उद्या आहेच. आलेलं अक्षर दोन दिवसांनी विसरलं तरी काळजी नको, पुन्हा खेळा. पण मूल पाटीच्या फार जवळ जात असेल, हाक मारलेली वारंवार ऐकू येत नसेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. पहिली इयत्ता पूर्ण होऊनही, खेळ भरपूर होऊनही, सुटी अक्षरं जोडून शब्द लावता येत नसेल तर रागावण्यात वेळ घालवू नका. शाळेतल्या बाईंशी आणि बालरोगतज्ज्ञांशी बोला.

पुस्तकं

अक्षरं एकही येत नसतानाही रोज एक गोष्ट वाचून दाखवा. मांडीवर घ्या, शब्दाखालून बोट फिरवा, तेच पुस्तक पन्नासाव्यांदा मागितलं तरी वाचा. पन्नासाव्यांदा मूल पान उलटायच्या आधीच पुढचं वाक्य म्हणतं आणि एखाद्या दिवशी त्यातला ‘मगर’ त्याला खरोखर दिसतो. मुलाला स्वतः वाचता यायला लागल्यावर हे बंद करणारे पालक पुष्कळ आहेत. बंद करू नका. त्याला वाचता येतं त्यापेक्षा कितीतरी मोठी गोष्ट त्याला ऐकून समजते.

चित्रपुस्तकात पानावर एक-दोन ओळी, मोठा ठसा आणि स्वच्छ चित्र असावं. नॅशनल बुक ट्रस्ट आणि ज्योत्स्ना प्रकाशन यांची अशी पुस्तकं परवडणारी असतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आणि मोफत आहेत. फोनवर दाखवण्यापेक्षा दोन-चार छापून शिवून घ्या. गल्लीत पाच-सहा घरं मिळून एक पुस्तकपेटी फिरती ठेवता येते. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमाने पुस्तकांची पेटी घराजवळ नेण्याची सवय नाशिककरांना लावलीच आहे. आणि टिळक पथावरचं सार्वजनिक वाचनालय, आपलं सावाना, १८४० पासून शहरात आहे. महिन्यातून एकदा मुलाला घेऊन वाचनालयात जा, कपाटासमोर त्याला मोकळं सोडा, आणि त्याने निवडलेलं पुस्तक तुमच्या मते फारच सोपं असलं तरी तेच घरी आणा.